गळ्यातला दाब मोजायचा कसा? स्वरयंत्राच्या मॉडेलांची गोष्ट

परभणी जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हरिनाम सप्ताह नवा नाही. सात दिवस रोज कीर्तन आणि साथीला रोज तीच पेटी. पाचव्या-सहाव्या दिवशी कुणाचा ना कुणाचा आवाज बसतोच. पेटीचा मात्र बसत नाही. लहानपणी मी घरी विचारलं होतं, असं का? "पेटीला कुठं घसा आहे?" एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. एमएस्सीला प्रवाही पदार्थांचं गणित शिकताना तोच प्रश्न परत आठवला. पेटीत भाता आहे, आपल्या छातीतही एक प्रकारचा भाताच आहे. दोन्हीकडे हवा एका फटीतून जाते आणि सूर निघतो. मग फरक नेमका कुठे आहे?

गेल्या महिन्यात पीएचडीची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने वेगळाच प्रश्न टाकला. "ताई, स्वरयंत्र तर प्रत्येकाच्या गळ्यात आहे. मग लोक त्याची प्लास्टरची, रबराची मॉडेलं कशाला बनवतात? सरळ माणसावरच मोजा ना!" हे दोन्ही प्रश्न एकाच इतिहासात येऊन मिळतात. तो इतिहास आज थोडक्यात सांगते. विषय निवडायला बसलेल्यांना त्यातून एक कामाची गोष्ट मिळेल.

मोजायचं काय असतं?

आधी आकडे बघू. बोलताना फुप्फुसांतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडासाच जास्त असतो. साध्या गप्पांमध्ये तो साधारण 6 ते 8 सेंटिमीटर पाण्याइतका भरतो. मोठ्याने ओरडताना 20 च्या वर जातो. वातावरणाचा दाब सुमारे 1033 सेंटिमीटर पाण्याइतका असतो, म्हणजे आपल्या साध्या गप्पा त्याच्या एक टक्क्याहूनही कमी दाबावर चालतात.

हा दाब मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तीच इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून उभी धरा. एका टोकाला बारीक स्वच्छ नळी जोडा, ती ओठांच्या कोपऱ्यात धरा आणि "पा-पा-पा" म्हणा. "प" म्हणताना ओठ बंद असतात आणि स्वरतंतू उघडे असतात, त्यामुळे त्या क्षणी तोंडातला दाब फुप्फुसांतल्या दाबाइतका होतो. पाणी एवढ्या झटपट स्थिर होत नाही, म्हणून प्रयोगशाळेत नळीऐवजी विजेवर चालणारा दाबमापक लावतात. तत्त्व मात्र हेच.

म्हणजे फटीच्या खालचा दाब कळला. फटीच्या वरची हवा म्हणजे तोंड, तिथेही मोजता येतं. अडचण आहे ती फटीच्या आत. स्वरतंतूंमधली जागा जेमतेम एक मिलिमीटर रुंद. ती पुरुषांत सेकंदाला साधारण 120 वेळा आणि स्त्रियांत 200 वेळा उघडते-मिटते. तिथे काही घालायला जावं तर लगेच ठसका लागतो, आणि घातलंच तर मोजायची होती ती फटच बदलून जाते. स्वरतंतूंना ढकलणारा आणि ओढणारा दाब मात्र नेमका तिथेच असतो. ज्युनियरच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

कुत्र्याचं स्वरयंत्र, हस्तिदंताची पट्टी आणि मृताचा गळा

सन 1700 च्या सुमारास पॅरिसमध्ये दनी दोदार यांनी मांडलं होतं, की आवाज फटीच्या रुंदीवर ठरतो, जसा शिट्टी वाजवताना ओठांवर ठरतो. 1741 मध्ये आंत्वान फेरें यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वेगळी बाजू ठेवली. त्यांनी मृत माणसांची आणि जनावरांची स्वरयंत्रं काढून त्यात हवा फुंकली आणि आवाज काढून दाखवला. त्यांच्या मते हवा म्हणजे गज आणि फटीच्या कडा म्हणजे तारा. त्या कडांना त्यांनी "तारा" असं नाव दिलं. आपण आज "स्वरतंतू" म्हणतो त्यामागेही हीच कल्पना आहे. ती तुलना पुढे चूक ठरली, कारण त्या तारा नाहीत, ओलसर मऊ घड्या आहेत. नाव मात्र चिकटून राहिलं. पण पद्धत टिकली: यंत्र बाहेर काढा, हवा द्या, काय होतं ते पाहा.

1791 मध्ये वोल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी आपल्या बोलणाऱ्या यंत्राचं पुस्तक छापलं. बुद्धिबळ खेळणारा तुर्की बाहुला करून युरोपला फसवणारे ते हेच गृहस्थ. बोलणारं यंत्र मात्र खरं होतं. फुप्फुसांच्या जागी भाता, स्वरतंतूंच्या जागी हस्तिदंताची थरथरणारी पट्टी आणि पुढे हाताने दाबायचं "तोंड". मला यात आपली पेटीच दिसते. आणि पेटीसारखीच त्याची मर्यादाही होती: यंत्र एकाच पट्टीत बोलायचं. हवेचा जोर वाढवला तर आवाज मोठा व्हायचा, चढायचा मात्र नाही.

ही मर्यादा किती महत्त्वाची होती ते बर्लिनच्या योहानेस म्युलर यांनी दाखवलं. 1830 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मृत माणसाचं स्वरयंत्र फळीवर घट्ट बसवलं. कंठमण्याची कूर्चा दोरीने ओढून टोकाला वजनं टांगली, म्हणजे ताण मोजून देता आला. खालून हवा फुंकली आणि तिचा दाब नळीतल्या पाण्याने मोजला. ताण तोच ठेवून दाब वाढवला की सूर चढत गेला. सूर तिथेच ठेवायचा असेल तर ताण कमी करावा लागला. रबराचे पडदे नळीवर ताणूनही त्यांनी असेच प्रयोग केले. फुगा फुगवून त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून हवा सोडली की जो किंकाळीसारखा आवाज येतो, त्यात हीच जात आहे.

आजच्या मोजमापांत एक सेंटिमीटर पाणी इतका दाब वाढला की सूर साधारण 2 ते 6 हर्ट्झने चढतो. एकच सूर धरून आवाज मोठा करणारा गायक त्याच वेळी स्वरतंतूंचा ताण किंचित सैल करत असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पेटीवाल्याला याची गरजच पडत नाही. हा पहिला फरक.

आपल्याकडे काय चाललं होतं?

निरीक्षण आपल्याकडे फार जुनं आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठ मिटलेला असेल तर नाद, उघडा असेल तर श्वास आणि मधल्या अवस्थेत हकार, अशी विभागणी सांगितली आहे. घोष आणि अघोष वर्णांचा फरक गळ्यातल्या फटीशी जोडणारं इतकं स्पष्ट विधान युरोपात पुष्कळ उशिरा आलं. यात मोजमाप मात्र नाही.

मोजमाप आलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सांगलीत. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायकाच्या सुरांशी तारेची लांबी जुळवून श्रुतींचं गणित मांडलं. त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत होती. 1910 मध्ये देवलांचं पुस्तक आलं आणि पुढे श्रुतींची पेटीही तयार झाली. गळ्याला हात लावता येत नाही, म्हणून त्याच्या जागी मोजता येणारी तार ठेवली. हेही एक मॉडेलच. पण ते सुराच्या उंचीचं मॉडेल होतं. सुराखालच्या हवेबद्दल तार काहीच सांगत नाही.

1950: चुकीचा सिद्धांत, तोही जोरात

आता या गोष्टीतला वादाचा भाग. 1950 मध्ये राऊल हुसाँ यांनी पॅरिसमध्ये प्रबंध मांडला, की स्वरतंतू हवेमुळे थरथरतच नाहीत. मेंदूकडून चेतातंतूतून एकेक ठोका येतो आणि प्रत्येक ठोक्याला स्वरतंतू एकदा उघडतो. सेकंदाला 300 कंपनं हवी असतील तर 300 ठोके. हवा फक्त त्या उघड्या फटीतून बाहेर पडते.

आज हे विचित्र वाटतं. तेव्हा हा सिद्धांत नवा होता, चेताविज्ञानाच्या भाषेत होता, आणि पुढची काही वर्षं त्यावर गंभीर वाद झाले. गंमत म्हणजे त्याला खोडणारा पुरावा शंभरेक वर्षांपूर्वीच म्युलरच्या फळीवर पडलेला होता. मृताच्या स्वरयंत्राला मेंदू जोडलेला नसतो, तरी हवा दिली की ते वाजतं.

अर्थात एवढ्याने वाद संपत नाही. "मृतात हवेने होतं, जिवंतात चेतेने होत असेल" असं कुणी म्हणू शकतं. म्हणून आणखी पुरावे लागले. डाव्या बाजूचा चेतातंतू छातीत महाधमनीखालून वळसा घालून परत वर येतो, त्यामुळे तो उजव्यापेक्षा लांब आहे. ठोके दोन्हीकडे एकाच क्षणी पोचायचे कसे? उंच सुरात सेकंदाला हजार कंपनं होतात, तेवढ्या वेगाने स्नायू आखडून सैल होऊ शकत नाही. आणि ज्याच्या श्वासनलिकेला खाली छिद्र पाडलेलं आहे, त्याची हवा तिथूनच निघून गेली की चेतातंतू शाबूत असूनही आवाज येत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचे यानविलेम फान डेन बेर्ख यांनी 1958 मध्ये स्नायूंचा ताण आणि हवेचा प्रवाह या दोघांवर उभा असलेला सिद्धांत नीट मांडला. तो पाया आजही वापरात आहे.

प्लास्टरचा गळा

त्याच्या आदल्या वर्षी, 1957 मध्ये, फान डेन बेर्ख यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक लेख छापला होता. माझ्या विषयात काम करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्या लेखापर्यंत पोचतो. त्यांनी मानवी स्वरयंत्राच्या प्लास्टरच्या साच्यावरून मॉडेल बनवलं. फट ठरावीक रुंदीची आणि न हलणारी. त्यातून हवा सोडली आणि दाब किती उतरतो ते मोजलं.

निघालेलं सूत्र दोन तुकड्यांचं आहे. पहिला तुकडा हवेच्या चिकटपणाचा. तो फटीच्या रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे फट निम्मी झाली की हा रोध आठपट. दुसरा तुकडा हवेच्या वेगाचा. फटीत शिरताना दाब झपकन उतरतो, बाहेर पडताना त्यातला थोडासाच परत मिळतो. दोन्ही मिळून त्यांनी 0.875 हा गुणांक दिला. पुढे 1972 मध्ये इशिझाका आणि फ्लॅनागन यांनी प्रत्येक स्वरतंतू म्हणजे स्प्रिंगने जोडलेली दोन वजनं असं संगणकावरचं मॉडेल केलं, तेव्हा हवेच्या हिशोबासाठी याच मोजमापांचा आधार घेतला. प्लास्टरच्या एका तुकड्यावरचे आकडे अशा रीतीने संगणकात गेले.

हलत नाही, मऊ नाही, ओलं नाही असं मॉडेल. तरी ते उपयोगी पडलं, कारण त्याला एकच प्रश्न विचारला होता: फट अमुक रुंद असेल तर दाब किती उतरेल?

बर्नुली एकटा पुरत नाही

स्वरतंतू कसे हलतात याचं नेहमीचं उत्तर असं: हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, स्वरतंतू आत ओढले जातात, मग परत उघडतात. बर्नुलीचं तत्त्व. वाचायला छान वाटतं, पण यात एक भोक आहे.

झोका आठवा. झोका पुढे जाताना तुम्ही ढकललं आणि मागे येतानाही तेवढ्याच जोराने पुढेच ढकललं, तर दिलेली ऊर्जा परत काढून घेतली. झोका थांबेल. स्वरतंतूंचंही तसंच. उघडताना आणि मिटताना हवेचा जोर सारखाच असेल तर कंपन टिकणार नाही. उघडताना जोर जास्त आणि मिटताना कमी हवा.

हा फरक येतो फटीच्या आकारातून. उघडताना स्वरतंतूंच्या खालच्या कडा आधी दूर होतात, त्यामुळे फट वरच्या बाजूला निमुळती असते आणि आतला दाब जास्त राहतो. मिटताना खालच्या कडा आधी जवळ येतात, फट वर रुंद होते आणि आतला दाब पडतो. दोन वजनांच्या मॉडेलने हे गणितात दाखवलं. पण निमुळत्या आणि पसरत्या फटीत दाब खरोखर किती असतो? ते कुणीतरी मोजायला हवं होतं.

साडेसात पट मोठा गळा

रोनाल्ड शेरर यांनी हे काम आयुष्यभर केलं. 1983 मध्ये टिट्झे आणि कर्टिस यांच्याबरोबर त्यांनी आयताकृती फटींची मॉडेलं मोजली, आणि एकच ठरलेला गुणांक सगळ्या प्रवाहांना पुरत नाही हे समोर आलं. पुढे अमेरिकेतल्या ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात त्यांचं पारदर्शक ॲक्रिलिकचं मॉडेल प्रसिद्ध झालं. नाव एम-फाइव्ह, आकार खऱ्याच्या साडेसात पट. स्वरतंतूंचे तुकडे बदलता येतात, प्रत्येक जोडीचा कोन वेगळा. तुकड्यांच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रांची रांग आहे आणि प्रत्येक छिद्रातून तिथला दाब मोजला जातो.

मोठं केल्यावर प्रवाह तोच कसा राहील? रेनॉल्ड्स अंक सारखा ठेवला तर राहतो. हा हिशोब स्वतः करून बघा. खऱ्या गळ्यात 8 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फटीतली हवा सेकंदाला साधारण 36 मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी 130 किलोमीटर. मॉडेलची लांबी-रुंदी 7.5 पट आणि हवा तीच, म्हणून वेग 7.5 पटीने कमी हवा: सुमारे 4.8 मीटर. दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो 56 पटीने कमी होतो. 8 सेंटिमीटरचे उरले जेमतेम 1.4 मिलिमीटर. छिद्रं पाडणं सोपं झालं, पण आता एवढा बारीक दाब वाचणारं उपकरण लागणार. सोय एका बाजूला मिळाली की दुसऱ्या बाजूला किंमत मोजावी लागते.

2001 मध्ये छापलेल्या कामात फट 10 अंश पसरती ठेवली होती. त्यात दिसलं, की दोन्ही भिंती हुबेहूब सारख्या असल्या तरी हवेचा झोत मधून सरळ जात नाही. तो एका भिंतीला चिकटून जातो, आणि डाव्या-उजव्या स्वरतंतूंवरचा दाब वेगळा होतो. फट सममित म्हणून प्रवाहही सममित, असं धरून चालणाऱ्या हिशोबांना हा धक्का होता. कागदावर हे सहज सुचलं नसतं. छिद्रांतून वाचलं म्हणून कळलं.

परत मऊपणाकडे

एम-फाइव्ह हलत नाही. म्हणून दुसऱ्या गटांनी मऊ मॉडेलं केली. 1995 मध्ये टिट्झे आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याखाली वेगवेगळ्या घट्टपणाचे द्रव भरले आणि कंपन सुरू व्हायला कमीत कमी किती दाब लागतो ते पाहिलं. द्रव जितका चिकट, तितका दाब जास्त. 2005 मध्ये थॉमसन, माँजो आणि फ्रँकल यांनी रबरी स्वरतंतूंवर दाखवलं, की निमुळती-पसरती फट आळीपाळीने होते म्हणूनच हवेकडून ऊर्जा मिळत राहते. म्हणजे झोक्याचं कोडं प्रत्यक्ष हलणाऱ्या वस्तूवर तपासलं गेलं.

रबर म्हणजे ऊती नव्हे. खऱ्या स्वरतंतूंना थर असतात, तंतूंची दिशा असते, ते स्वतःला दुरुस्त करतात आणि सुजतातही. हे कुठलंच मॉडेल पूर्णपणे करत नाही.

मग आवाज का बसतो?

आता सप्ताहाकडे येऊ. पेटीतली पितळी पट्टी आपल्या खाचेतून आरपार जाते, कडेला आपटत नाही. ती कोरडी असते आणि सुजत नाही. आपले स्वरतंतू प्रत्येक कंपनाला एकमेकांवर आपटतात. एखाद्या शिक्षिकेचा आवाज दिवसाकाठी निव्वळ एक तास जरी चालला, तरी 200 गुणिले 3600, म्हणजे 7 लाख 20 हजार टकरा. वर्गात पन्नास मुलं आणि वर पत्र्यावर पाऊस असेल तर दाब वाढवावा लागतो, म्हणजे टक्करही जोरात. स्वरतंतू सुजले की कंपन सुरू करायलाच जास्त दाब लागतो. जास्त दाबाने आणखी टकरा. या चक्रातून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे विश्रांती आणि ओलावा. घरातली मोठी माणसं "पाणी पी, गप्प बस" म्हणतात, त्याच्या मागचं भौतिकशास्त्र असं आहे. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. त्याला मॉडेल पर्याय नाही.

विषय निवडणाऱ्यांसाठी

सिनॉप्सिस लिहिताना मॉडेल या शब्दापाशी आपण अडखळतो. "माझं मॉडेल खऱ्यासारखं नाही" अशी भीती वाटते. मलाही वाटली होती. मुलाखतीत एका परीक्षकांनी विचारलं, "यात काय काय धरलेलं नाही?" आणि मी गडबडले, कारण मी ती यादी केलीच नव्हती. आता ती यादी सगळ्यात आधी करते.

वरची प्रत्येक वस्तू बघा. म्युलरच्या फळीवर जीव नव्हता, फान डेन बेर्खच्या प्लास्टरला हालचाल नव्हती, शेररच्या ॲक्रिलिकला मऊपणा नव्हता, टिट्झेच्या सिलिकॉनला स्नायू नव्हते. जे वगळलं ते त्यांना माहीत होतं, आणि विचारलेल्या प्रश्नाला त्याची गरज नव्हती. म्हणून त्यांचे आकडे टिकले किंवा नंतरच्यांना ते दुरुस्त करता आले. हुसाँच्या सिद्धांतात मात्र हवा वगळली गेली, जी त्या प्रश्नाचा गाभाच होती.

म्हणून तुमच्या प्रस्तावात तीन ओळी नक्की लिहा: माझा एक प्रश्न कोणता, त्यासाठी मॉडेलमध्ये काय ठेवलं, आणि काय सोडलं व का. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर विषय अजून पिकलेला नाही असं समजा. तोवर यू-नळीचा प्रयोग करून बघा. नळी आणि पाणी एवढंच लागतं, आणि "पा" म्हणताना पाणी हललेलं दिसलं की दाब हा शब्द पुस्तकातला राहत नाही.